पोतं पन्नास किलोचं, स्क्रीनवर शून्य: लायब्ररी सोर्समध्ये द्यावी की बांधून?

भाची ऐरोलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत दोन दिवस आमच्याकडे चरईला राहायला आली होती, अर्थातच लॅपटॉपसकट. रात्री जेवणं आटोपल्यावर आतून हाक आली, "मामा, हे बघ ना जरा." जाऊन बघतो तर स्क्रीनभर लाल अक्षरं.

तिला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या दोन लायब्ऱ्या टाकायच्या होत्या. पहिली चार सेकंदांत बसली. दुसरीच्या वेळी पंखा घरघरायला लागला, दोनेक मिनिटं काहीबाही सरकत राहिलं आणि मग हे लाल प्रकरण. शेवटची ओळ म्हणत होती की कंपायलर सापडला नाही, आधी तो टाका. भाची वैतागली होती. "मी कुठे काय कंपाइल करतेय? मला नुसती लायब्ररी हवीय. आणि दोन्हीला कमांड एकच दिली मी!"

कमांड एकच होती, हे खरं. पण पहिल्या लायब्ररीचं पीठ आलं होतं आणि दुसरीचे गहू.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गिरणी आहे. डबा ठेवला की गिरणीवाला मान वर न करता विचारतो, "जाड की बारीक?" पोळ्यांचं बारीक, बेसनाच्या लाडवांची डाळ जाडसर, चकलीची भाजणी त्याच्या मधली. हे सगळं आपण डबा ठेवताना सांगतो, कारण एकदा दळलं की उलटं फिरता येत नाही. प्रोग्रॅमचंही तसंच असतं. माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर म्हणजे सोर्स कोड. प्रोसेसरला तो कळत नाही, त्याला फक्त आकड्यांतल्या सूचना कळतात. सोर्सचं त्या सूचनांत रूपांतर करणारी गिरणी म्हणजे कंपायलर, आणि तिच्यातून पडतं ते बायनरी. बायनरीवरून सोर्स परत काढायची हत्यारं आहेत, पण हाती येतं ते नावं पुसलेलं, टिपणं गळालेलं काहीतरी. पिठाकडे बघून गहू लोकवन होता की सिहोर हे ओळखण्यासारखंच ते.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेला, आपण आपल्या प्रोग्रॅमला जोडून वापरायचा कोड. फोटो लहान करणं, पीडीएफ बनवणं, काट्यावरचं वजन वाचणं, असली कामं प्रत्येकाने नव्याने लिहीत बसायची नसतात. ती लायब्ररी आपल्यापर्यंत दोन रूपांत येऊ शकते, सोर्स म्हणून किंवा आधीच बांधलेली. वरवर बघता हा सोयीचा प्रश्न वाटतो. पीठ मिळत असताना गहू कोण नेईल? वीसेक वर्षं महाप्यात सॉफ्टवेअरच्या धंद्यात काढल्यावर मला तो सोयीचा प्रश्न वाटत नाही. जाड की बारीक हे कोणी, कधी आणि कोणासाठी ठरवलं, हा तो प्रश्न आहे. बायनरीत ते सगळं आधीच ठरून गेलेलं असतं आणि बहुतेक वेळा आपल्याला कोणी सांगितलेलंही नसतं.

काय काय ठरलेलं असतं? पहिला प्रोसेसर. इंटेल-एएमडीच्या घराण्यासाठी बांधलेली बायनरी एआरएमवर, म्हणजे फोनमधल्या प्रोसेसरांच्या घराण्यावर, चालत नाही. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले तेव्हा जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून रोझेटा २ नावाचा दुभाष्या सोबत द्यावा लागला, तो याचसाठी. एकाच घराण्यातही सगळं आलबेल नसतं. २०१८ मध्ये टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या १.६ आवृत्तीपासून तयार बायनरीत एव्हीएक्स नावाच्या सूचना वापरायला सुरुवात झाली. नव्या प्रोसेसरवर हिशेब झपाट्याने होतात, पण ज्या जुन्या प्रोसेसरांना त्या सूचना ठाऊकच नव्हत्या तिथे प्रोग्रॅम सुरू होताक्षणी 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळायचा. सोर्सवरून स्वतः बांधून घेतलं की त्याच जुन्या मशीनवर मुकाट चालायचा.

मग ऑपरेटिंग सिस्टिम, तिची आवृत्ती, कंपायलर कोणता आणि कितवा, आणि लिनक्सवर असाल तर जीलिबसी. ही लिनक्सची, सी या भाषेतली पायाभूत लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. तिचा नियम असा की जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. हे आम्ही स्वतःच्या चुकीने शिकलो. ऑफिसातल्या उबुंटू २२.०४ वर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, प्रोग्रॅम बांधला, गिऱ्हाइकाच्या २०.०४ वाल्या सर्व्हरवर चढवला आणि उत्तर आलं, 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड'. २०.०४ मध्ये २.३१ होती. तेव्हापासून आमच्याकडे बिल्डचं मशीन मुद्दाम जुनाट ठेवलेलं असतं. नवीन पोरं हसतात. पायथनवाल्यांनी २०१६ मध्ये लिनक्ससाठी तयार पॅकेजांचा पहिला नियम केला तेव्हा हीच युक्ती वापरली होती. त्यांनी बांधायला सेंटओएस ५ हे जुनं लिनक्स घेतलं, २००७ सालचं.

आता भाचीच्या लाल अक्षरांकडे येऊ. पायथनमध्ये तयार बांधलेल्या पॅकेजला व्हील म्हणतात आणि फाइलच्या नावातच त्याचं लेबल असतं. 'सीपी३१२' म्हणजे पायथन ३.१२ साठी, 'विन एएमडी६४' म्हणजे इंटेल-एएमडीवरच्या ६४ बिटच्या विंडोजसाठी. विंडोज, लिनक्स, मॅक असे तीन, प्रोसेसर दोन, पायथनच्या चालू आवृत्त्या पाच धरल्या तर एकाच लायब्ररीच्या तीस फाइली होतात. मोठे प्रकल्प त्या बनवतात. एखाद्याने फावल्या वेळात चालवलेल्या लायब्ररीला ते जमतंच असं नाही. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं उतरवून बसवणारी कमांड, आधी आपल्या मशीनला जुळणारं व्हील शोधतं, नाही सापडलं तर निमूटपणे सोर्स उतरवून घेतं आणि तुमच्याच मशीनवर दळायला बसतं. भाचीने नुकतंच आलेलं ताजं पायथन टाकलं होतं. तेवढ्या ताज्या आवृत्तीचं व्हील त्या लायब्ररीने अजून काढलं नव्हतं. आणि तिच्या लॅपटॉपवर गिरणीच नव्हती.

इथवर गहू आणि पीठ पुरतं. पुढच्या गोष्टीला पुरत नाही, कारण चुकीचं पीठ निदान चवीला कळतं.

माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. ते सांगायचे, अर्ध्या इंचाचे दोन बोल्ट घे, एक व्हिटवर्थचा, एक युनिफाइड कोर्सचा. दिसायला सारखे, जाडी सारखी. पण एकाला इंचात १२ आटे, दुसऱ्याला १३. एकाचा नट दुसऱ्यावर चढव, तो चढेल. दोन फेरे फिरेलही. मग अडकेल, आणि तू पाना लावून जोर केलास तर आटे सोलटून निघतील. बाबांच्या मते न चढणारा नट हा चांगला नट.

दोन बायनरी एकमेकांना जोडताना असेच आटे जुळावे लागतात. त्याला एबीआय म्हणतात. कुठली माहिती मेमरीत कुठल्या बाइटपासून ठेवायची, फंक्शनला आकडे कुठून द्यायचे, उत्तर कुठून घ्यायचं, असे सगळे करार त्यात येतात. दोन्ही बाजू सोर्समध्ये असल्या की एकच कंपायलर दोघांना एकाच मापाने कापतो. एक बाजू बांधून आली असेल तर तिचं माप तिच्या घरी ठरलेलं असतं.

तुर्भ्याच्या मार्केटात आमचं एक गिऱ्हाईक आहे, कांद्याचा व्यापारी. त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला आमचा बिलिंगचा प्रोग्रॅम जोडायचा होता. काट्याच्या कंपनीने एक डीएलएल दिली, म्हणजे विंडोजसाठी बांधलेली लायब्ररी, आणि सोबत एक हेडर फाइल, म्हणजे आत काय आहे याची यादी. यादीत लिहिलं होतं की एका नोंदीत दोन गोष्टी येतील, आधी काट्याचा क्रमांक, चार बाइटचा, आणि मग वजन, आठ बाइटचं. आम्ही जोडलं. कंपाइल झालं, लिंक झालं, चाललं. काट्यावर पन्नास किलोचं पोतं ठेवलं. स्क्रीनवर क्रमांक बरोबर आला आणि वजन आलं ०.०००.

दुसरं पोतं, तेच. केबल बदलली. पोर्ट बदलला. तुर्भ्याला दोन खेपा झाल्या, एक भर पावसात. क्रमांक बरोबर येतोय म्हणजे संपर्क आहे, मग वजनच का नाही? काट्यावर मात्र ५०.००० ठळक दिसत होतं, आणि व्यापारी आमच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती अजून आठवते.

तिसऱ्या दिवशी मी मेमरीतले बाइट कागदावर उतरवून काढले, आणि मग दिसलं. आठ बाइटचा दशांश आकडा कंपायलर सहसा आठने भाग जाणाऱ्या जागेवर ठेवतो. त्यामुळे चार बाइटचा क्रमांक झाला की तो चार बाइट रिकामे सोडतो आणि वजन आठव्या बाइटपासून सुरू करतो. आमचा प्रोग्रॅम वजन तिथून वाचत होता. काट्याच्या कंपनीने मात्र त्यांच्याकडे बांधताना 'मध्ये जागा सोडू नको' असा हुकूम दिलेला होता. त्यांचं वजन चौथ्या बाइटपासूनच सुरू होत होतं. म्हणजे पन्नासचा अर्धा भाग आमच्या नजरेच्या अलीकडे राहिला आणि उरलेला अर्धा आम्ही चुकीच्या जागी ठेवून वाचला. त्यातून जो आकडा बनतो तो इतका सूक्ष्म असतो, की दशांशानंतर तीनशेहून जास्त शून्यं लिहावीत तेव्हा कुठे पहिला अंक येतो. तीन घरांपर्यंत छापला की ०.०००.

तो हुकूम म्हणजे हेडर फाइलमधली एक ओळ असते. त्यांच्या घरच्या हेडरमध्ये ती होती, आम्हाला पाठवलेल्या प्रतीत राहून गेली होती. सोर्स हातात असता तर बहुधा ही वेळच आली नसती, आणि आली असती तरी ती ओळ दहा मिनिटांत सापडली असती. बायनरीसमोर तीन दिवस गेले, तेही नशीब म्हणायचं.

हे फक्त छोट्या कंपन्यांचं होतं असं नाही. लिनक्सवरचा प्रमुख कंपायलर जीसीसी, त्याच्या पाचव्या आवृत्तीत, २०१५ साली, सी प्लस प्लसमधल्या साध्या स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरांच्या ओळीची, आतली मांडणी बदलली. जुन्या मांडणीने बांधलेल्या लायब्ऱ्या नव्या प्रोग्रॅमला जोडताना महिनोन्महिने लोकांनी डोकं धरलं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचं २०१५ च्या आधी जवळजवळ प्रत्येक मोठ्या आवृत्तीला असंच व्हायचं. २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्या त्यांनी एकमेकींना जुळत्या ठेवल्या, तेव्हा आमच्यासारख्यांना हायसं वाटलं. तरीही एक बाजू डीबग, म्हणजे चुका शोधण्यासाठी, आणि दुसरी रिलीज, म्हणजे गिऱ्हाइकाला देण्यासाठी बांधलेली असेल तर अजूनही भांडण होतंच. त्यातल्या त्यात, बायनरी द्यायचीच असेल तर तिचा दर्शनी भाग साध्या सी भाषेत ठेवावा. सीचे आटे गेली कित्येक वर्षं फारसे बदललेले नाहीत. आमच्या काट्याची डीएलएल सीचीच होती म्हणा. पण ती एक ओळ!

मग सगळं सोर्समध्येच द्यावं? माझा कल तिकडे आहे, पण त्याचं ओझंही खरं आहे. गहू आले की गिरणी तुमची, वीज तुमची, आणि आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी पाट्यात राहिली असेल तर तीही तुमच्याच पिठात. मोठी सी प्लस प्लस लायब्ररी बांधायला माझ्या मशीनवर अर्धा तास सहज जातो. एकीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी, आणि प्रत्येकीची बांधायची रीत वेगळी. हाच जाच टाळायला काही लेखकांनी सोर्स देण्याचीच पद्धत बदलली. एसक्यूलाइट हा डेटाबेस तुमच्या फोनमध्ये आत्ता नक्की आहे. त्याच्या शंभराहून जास्त सोर्स फाइली सलग जोडून एकच फाइल करतात, दोन लाखांहून जास्त ओळींची, आणि तीच देतात. आपल्या प्रोग्रॅममध्ये टाकली की संपलं. शिवाय सगळं एकत्र दिसत असल्याने कंपायलर जास्त हुशारी करू शकतो आणि बांधलेला कोड पाच ते दहा टक्के वेगवान निघतो, असं ते स्वतः सांगतात. इतकं सुटसुटीत सोर्स मिळत असेल तर बायनरी मागायला मला कारण दिसत नाही.

कारण नसतं ते आपल्याला, देणाऱ्याला असतं. ज्याला सोर्स दाखवायचा नाही तो बायनरीच देणार. काट्यांचे, प्रिंटरचे, अंगठ्याच्या मशीनचे धंदे असेच चालतात, आणि त्यात चोरी काही नाही. फक्त बायनरी म्हातारी होते आणि तिला तरुण करणं तुमच्या हातात नसतं. ताजं उदाहरण अँड्रॉइडचं. १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेवर अँड्रॉइड १५ आणि पुढच्यासाठी येणाऱ्या नव्या ॲपना आणि अपडेटना १६ केबीची मेमरीची पानं, म्हणजे मेमरी वाटून देण्याचे तुकडे, चालली पाहिजेत, असा नियम आला. पूर्वी ती ४ केबीची असायची. ज्यांच्याकडे सोर्स होता त्यांनी नव्या हत्यारांनी पुन्हा बांधलं, बहुतेकांचं एका दुपारचं काम. ज्यांच्या ॲपमध्ये दुसऱ्या कोणाची जुनी बांधलेली लायब्ररी होती, त्यांनी ईमेल पाठवला आणि वाट बघितली. ती कंपनी बंद पडली असेल तर ईमेल कोणाला पाठवणार?

विश्वासाचा मुद्दा राहिला. पिठात काय मिसळलंय ते दिसत नाही, गव्हातले खडे निवडता येतात, असं वाटतं. २०२३ च्या उन्हाळ्यात रस्ट भाषेतल्या सेर्डे या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीने बिल्ड लवकर व्हावा म्हणून एका भागाची तयार बायनरी सोबत द्यायला सुरुवात केली, फक्त लिनक्सच्या एका प्रकारासाठी. रस्टमध्ये सगळं सोर्समधूनच येण्याची रीत, त्यामुळे लोक खवळले. काही आठवड्यांत ती बायनरी काढून टाकावी लागली.

पण सोर्स दिसतो म्हणजे कोणी वाचतो असं नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला त्याच्या मशीनवर एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सुरक्षितपणे आत शिरायच्या सोयीने, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या लायब्ररीत पोचला आणि तिथे पेरलेला चोरदरवाजा सापडला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत तो होता. गंमत अशी, गंमत कसली, की ती लायब्ररी सोर्स म्हणूनच दिली जात होती. घातक कोड मात्र आधीच बांधलेल्या स्वरूपात, चाचणीच्या फाइली म्हणून ठेवला होता, आणि तो जागा करणारी स्क्रिप्ट सगळ्यांना दिसणाऱ्या गिट भांडारात, म्हणजे सोर्स जिथे उघडा ठेवतात तिथे, नव्हतीच, फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होती. गव्हाच्या पोत्यात पिठाची पुडी. डेबियनसारखे, लिनक्स बांधून वाटणारे लोक २०१३ पासून एकाच सोर्समधून दरवेळी बाइट न बाइट तीच बायनरी निघावी म्हणून खटपट करताहेत तीही विश्वासासाठीच. मग कोणीही दळून पाहून पडताळू शकतो, की दुकानातलं पीठ याच गव्हाचं आहे.

व्यवहारात बहुतेक जग अधेमधे येऊन थांबलंय. डेबियन तुम्हाला बायनरी देतं, पण सोर्स आणि दळायची रीत उघडी ठेवून, आणि बांधतं स्वतःच्या मशीनवर. सगळं घरी दळायचा हट्ट धरणाऱ्या जेंटू या लिनक्सच्या प्रकाराने डिसेंबर २०२३ मध्ये तयार पॅकेजंही मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. उलट गो भाषेने २०१९ च्या १.१३ पासून नुसत्या बायनरी पॅकेजांचा आधार काढून टाकला. आमच्या ऑफिसात सोर्स एकदा बांधतो आणि तो बांधलेला माल जपून ठेवतो. कंपायलर किंवा पर्याय बदलला तरच पुन्हा गिरणी.

भाचीचं काय झालं? कंपायलर टाकायचा तर कित्येक जीबी उतरवावे लागले असते आणि रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी तिला एक आवृत्ती मागचं पायथन टाकायला सांगितलं. त्याचं व्हील होतं. सहा सेकंदांत बसलं. "एवढंच?" म्हणाली, आणि माझ्या बोल्टच्या गोष्टीच्या मधेच उठून झोपायला गेली.

काट्याच्या कंपनीने ती हरवलेली ओळ नंतर पाठवली, 'कळावे' एवढंच लिहून. आम्हीही बाहेर काही बायनरी देतो. आता प्रत्येकीसोबत एक साधी मजकुराची फाइल जाते. प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर त्याच्या पूर्ण आकड्यासकट, सगळे पर्याय आणि प्रत्येक नोंद किती बाइटची ते. शिवाय लायब्ररीत एक फंक्शन असतं, ते प्रोग्रॅमला सुरुवातीलाच विचारतं, तुझ्या मते वजनाची नोंद केवढी? उत्तर बारा आलं तर पुढे जातं. सोळा आलं तर तिथल्या तिथे थांबतं, आणि का थांबलं ते मराठीत लिहितं.